आत्याचं मत कुठं आहे

लोकसभेच्या दिवशी दुपारी आत्या घरी आली तेव्हा तिच्या बोटाला शाई नव्हती.

आमच्या घरात असली गोष्ट लपत नाही. घाटकोपरच्या डोंगरावर आमचं घर, दहा बाय बाराची खोली आणि वर पोटमाळा. चार माणसं जेवायला बसली की प्रत्येकाचं बोट प्रत्येकाला दिसतं. पप्पांचं बोट सकाळी सातलाच काळं झालेलं, मम्मीचं नऊला, माझं तिच्या मागोमाग. आत्या कांजीची इस्त्री केलेली साडी नेसून सकाळीच बाहेर पडली होती. दर निवडणुकीला पडते तशी. ताटावर बसली, भाकरी मोडली, आणि डावा हात पदराखाली ठेवला.

“आक्का, बोट?” पप्पांनी विचारलं. आत्या त्यांची थोरली बहीण.

“नाव नाही म्हणाले.”

“कुठं नाही?”

“जिथं असतं तिथं.”

मी विचारलं, “आत्या, तुझं मत आहे तरी कुठं?”

“बोरिवलीला.”

माझा घास हातातच राहिला. बोरिवलीला आत्याचा नवरा राहतो. त्यानं दुसरी बाई आणली आणि आत्याला हाकललं, त्याला वीस वर्षांच्या वर झाली. तेव्हापासून आत्या आमच्याकडं. मुलुंडच्या टॉवरमध्ये तीन घरी चपात्या करते. मी लहान होते, ती माझी वेणी घालायची, माझी फी भरायची. पुढं मी बी.ए. झाले, मग डी.एड. झाले. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे सांगताना मला लाज नाही, अभिमान आहे. राज्यशास्त्र माझा विषय. लिंग, जात, लग्न यांचा मतदानावर काय परिणाम होतो, यावर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहून आलेली बाई. आणि माझ्याच घरातली एक बाई मत द्यायला कुठं जाते, हे मला माहीत नव्हतं.

मी विचारलंच नव्हतं. कधीच.

तसं आमच्या गल्लीत कोण कुणाला मत देतो हे विचारायचं नसतं, ते माहीत असतं. आणि ते ज्याला सगळ्यात जास्त माहीत असतं तो माणूस आमचे पप्पा. कंपनीतून रिटायर व्हायच्या कितीतरी आधीपासून ते आमच्या पक्षाचे बूथ एजंट. निवडणूक आली की मतदारयादीची झेरॉक्स घेऊन बसतात, कानावर पेन्सिल. यादीत प्रत्येक नावाखाली नवऱ्याचं नाहीतर बापाचं नाव असतं. पप्पा पहिलं आडनाव बघतात. खालच्या गल्लीत कोकणातली मंडळी, त्यांचे बाप-आजे गिरणीत होते. वरच्या दोन गल्ल्या आमच्या, बौद्धांच्या. आडनाव वाचलं की अर्धं काम झालं. मग घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावासमोर बरोबरची खूण, आणि त्याच्या खालच्या सगळ्या नावांना एक लांब कंस. बायको, पोरं, सुना, सगळी कंसात. पाच मतं, एक खूण.

लहानपणी मी विचारलं होतं, “पप्पा, विधवा बायकांना कंस कुठं करायचा?”

“त्यांना मुलगा असला तर मुलाबरोबर.”

“नसला तर?”

“मग जाऊन विचारावं लागतं,” पप्पा म्हणाले, जसं काही केवढं मोठं काम लागलं.

आमच्या चार माणसांपैकी यादीत तीनच नावं होती. पप्पांना खूण, मम्मीला आणि मला कंस. आणि आडनावावरून माझं मत ओळखायला पप्पाच लागतात असंही नाही. शाळेत स्टाफरूममध्ये पार्ल्याची एक बाई आहे, स्वभावानं चांगली. चहा पिताना म्हणाली, “तुमचं काय गं, तुमच्या लोकांचं ठरलेलंच असतं ना.” मी म्हटलं, “हो ना बाई, आणि तुमच्या सोसायटीत तर दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवतात!” सगळ्या हसल्या, तीपण हसली. पण खरं सांगायचं तर मला राग तिचा नाही आला. ती जे बोलली ते आमच्या घरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी आत्याला कोपऱ्यात घेतलं. “दोन बसा बदलून एवढ्या लांब जायचीस? का? इथं नाव लावता आलं असतं की.”

ती सुपारी कातरत होती. “तो माणूस तिकडं काय करतो माहितीये? तुझ्या बापासारखाच. गळ्यात पट्टा घालून बूथच्या बाहेर टेबल लावतो. सगळ्यांना हात जोडतो. म्हणजे तो कुणाला देणार हे आख्ख्या बोरिवलीला ठाऊक.”

“बरं मग?”

“मग काय. मी दर वेळी जायचे, त्याच्या टेबलासमोरून रांगेत जायचे, आणि त्याच्या विरुद्ध जो असेल त्याचं बटण दाबून यायचे.” तिनं अडकित्ता दाबला. “त्याचं एक, माझं एक. फिटलं. तो मत देऊन आला काय नि न देऊन आला काय.”

मी तिच्याकडं बघतच राहिले. कोर्टात गेली नाही. पोटगी मागितली नाही. त्याच्या नावानं कधी बोटं मोडलेली मी ऐकली नाहीत. वीस वर्षं, लोकसभा, विधानसभा, महापालिका, एकही न चुकवता ही बाई इस्त्रीची साडी नेसून जायची आणि एका माणसाचं मत पुसून यायची. कुणाला न सांगता. सगळं कायद्यानं दिलेल्या एका बटणावर. मला माझ्या पुस्तकातलं एकही वाक्य आठवेना, जे हिच्याजवळपास तरी पोचलं असतं.

“आणि या वेळी?”

“या वेळी म्हणाले, स्थलांतरित. नाव कापलंय.” तिनं अडकित्ता खाली ठेवला. “तो टेबलावर बसून हसत होता. त्यानंच नाव कापायचा अर्ज दिला असणार. आता मी कुठंच नाही गं.”

नियमानं बघितलं तर कापलं ते बरोबरच होतं. माणूस राहतो तिथंच त्याचं नाव पाहिजे. पण वीस वर्षं कुणाला नियम आठवला नव्हता, आणि आठवला तो नेमका त्याला.

पुढच्याच महिन्यात शाळेत माझ्या नावाचं पत्र आलं, बीएलओची ड्यूटी. बीएलओ म्हणजे आपापल्या भागातली मतदारयादी सांभाळायची. घरोघर जाऊन कोण नवं आलं, कोण गेलं, कोण वारलं, सगळं लिहायचं. शाळा संपल्यावर डोंगराच्या पायऱ्या चढायच्या नि उतरायच्या. बाकीचे शिक्षक कपाळाला हात लावतात, मी मनातून खूश झाले. विधानसभा तोंडावर होती. म्हटलं, आत्याचं मत मी आणीन. घरात शिकलेलं माणूस असलं की असा उपयोग झाला पाहिजे.

रविवारी सकाळी मी तिचा नवीन नोंदणीचा फॉर्म भरला. ती पीठ मळत होती. आधार कार्ड घेतलं, पत्ता आमचा टाकला, फोटो चिकटवला. नातेवाइकाचं नाव, असा एक रकाना असतो. नवऱ्याचं घालायचा प्रश्नच नव्हता. मी खसकन आजोबांचं नाव लिहिलं. नवरा नाही, तर बाप. माझ्या दोन-दोन पदव्यांनासुद्धा तिसरं काही सुचलं नाही. “आत्या, हात पूस आणि इथं सही कर,” म्हटलं. तिनं पिठाचा हात पुसला आणि सही केली. चौथी शिकलीये ती. वाचता येतं, पण सावकाश. मी तेवढा वेळ दिला नाही.

कार्ड आलं. पोस्टमननं खालच्या दुकानात ठेवलेलं, मीच वर घेऊन आले, पेढा आणल्यासारखी. आत्यानं चष्मा लावला. एक एक अक्षर वाचलं. मग कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं.

“हे कुणाचं?”

“तुझंच की गं!”

“खाली बापाचं नाव घातलंयस.”

“मग काय त्या माणसाचं घालू?”

“त्याचं नको. पण याचंपण नको.” ती उठून पाण्याच्या पिंपाकडं गेली, परत आली. “मला तिथं दिली कुणी? तुझ्या आजानं. मी एक वर्षात परत आले, अंगावर वळ घेऊन, तर दारातनं म्हणाला, मेलीस तरी तिथंच मर. परत पाठवली. पुढं नवऱ्यानं ती दुसरी आणली तेव्हा निरोप गेला गावाला. बाप उठला नाही. आई उठली. आयुष्यात कधी एकटी एसटीत बसली नव्हती ती. विचारत विचारत बोरिवलीला आली. माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मला या दारात आणून सोडलं. तुझ्या बापाला म्हणाली, ही इथं राहील. एवढंच. दुसऱ्या दिवशी गेली.”

मला हे यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि तरी मी काय बोलले, तर, “आत्या, आता चालतंय गं. नाव काय, कुणाचंही असलं तरी मत देता येतं ना? मत महत्त्वाचं.”

तिनं कार्ड उचललं आणि चष्मा काढला. मला वाटलं, पटलं.

नंतरच्या रविवारी शाळेत विशेष शिबिर होतं. अशा दिवशी बीएलओ मतदान केंद्रावर टेबल टाकून बसते आणि लोक दुरुस्त्या घेऊन येतात. शेजारच्या बाकावर पक्षांचे एजंट बसतात, त्यात पप्पा, कानावर पेन्सिल. दहा-बारा माणसांची रांग होती. मी मान खाली घालून लिहीत होते. “पुढचे या,” म्हटलं, तर समोर इस्त्रीची साडी.

“मॅडम,” आत्या म्हणाली, “नाव चुकलंय. दुरुस्ती करायचीये.”

मागची माणसं हसायला लागली. गल्लीत सगळ्यांना माहीत, ती माझी कोण.

पप्पा उठले. “आक्का, काय हे! घरात बोलायचं ना.”

“घरात बोलले. घरात तुझी लेक म्हणाली, चालतंय. इथं ती चालतंय म्हणू शकत नाही. सरकारी खुर्चीत बसलीये.” मग माझ्याकडं वळून, एकदम रांगेतल्या परक्या बाईच्या आवाजात, “काय मॅडम, बरोबर ना?”

“बरोबर,” मी म्हणाले. “काय बदलायचं?”

“बापाचं नाव काढा. आईचं घाला. होतं का तसं?”

मी दुरुस्तीचा आठ नंबरचा फॉर्म काढला. आणि तेव्हा, अर्जदार समोर उभा असताना, मी तो रकाना पहिल्यांदा नीट वाचला. वडील, आई, पती, पत्नी. स्वच्छ छापलेलं होतं. आई. दोनेकशे फॉर्म मी तोवर भरून घेतले असतील, पोरांचे, सुनांचे, म्हाताऱ्यांचे. एकाही बाईला तो शब्द वाचून दाखवला नव्हता. लग्न झालंय का, एवढं विचारायचं आणि त्यावरून नवरा नाहीतर बाप लिहून मोकळं व्हायचं.

“होतं,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच नवा वाटला.

पप्पा खाली बसेनात. “आक्का, लोक काय म्हणतील? बाप नको म्हणून यादीत लिहिणार? गेलेल्या माणसाचं असं करतात का? आपलाच बाप होता तो.”

“हो ना,” आत्या म्हणाली. “आणि आईपण आपलीच होती रे.”

पप्पा खाली बसले. मागून कुणीतरी ओरडलं, “मावशी, उरकता का? मॅच सुरू होईल!”

“तुझी मॅच पाच दिवस चालते, मेल्या,” आत्या मागं न बघता म्हणाली, “माझं पाच मिनिटाचं काम आहे.”

या वेळी मी फॉर्म भरला तो मोठ्यानं वाचत. ओळ लिहायची, वाचायची, तिच्याकडं बघायचं. ती मान हलवायची. आईचं नाव तिनं एक एक अक्षर करून सांगितलं. आजीला सगळे ‘ए म्हातारे’ नाहीतर ‘अमक्याची आई’ म्हणायचे, खरं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सही करण्याआधी आत्यानं फॉर्म उचलून परत सगळा वाचला, बोट फिरवत. रांग खोळंबली. मी खोळंबू दिली.

दुरुस्ती मंजूर झाली, नवं कार्ड आलं. पण त्यानंतर एक वेगळीच गोष्ट सुरू झाली, जिची मी कल्पना केली नव्हती. आत्याला कुणाला मत द्यायचं ते कळेना.

“तिकडं सोपं होतं,” ती म्हणाली. “तो कुणाचा ते बघायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. आता विरुद्ध द्यायला माणूसच नाही. आता मला विचार करावा लागणार.”

आणि ती खरंच विचार करायला लागली. उमेदवार गल्लीत आला, बाकीच्यांनी ओवाळलं, आत्यानं विचारलं, “वरच्या नळाला पाणी कधी?” मुलुंडला चपात्या लाटताना तिथल्या बायकांना विचारायची. मला विचारायची, हा काय शिकलाय, त्याच्यावर केस कसली आहे. मी पोटमाळ्यावर बसून मोबाईलवर उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचून दाखवायची, ती खालून “परत वाच” म्हणायची. एकदा तांदूळ निवडता निवडता तिनं मम्मीलाच धरलं.

“तू कुणाला देतेस गं?”

“हे सांगतात त्यांना.”

“कधी चुकूनपण दुसरं नाही?”

मम्मी उठली आणि म्हणाली, “दूध वर येतंय वाटतं.”

पप्पांनी पेपरातून डोकं वर काढलं. “चुकून म्हणजे? चुकून म्हणजे काय?” गॅसवर दूध नव्हतंच.

पप्पा शेवटच्या आठवड्यात फारच अस्वस्थ झाले. यादी नवी आली होती, आमच्या घरची चार नावं होती. आत्याच्या नावाखाली त्यांच्या आईचं नाव. पेन्सिल धरून बसले. कंस ओढायचा तर कुणाबरोबर? शेवटी म्हणाले, “आक्का, मग आपल्यालाच ना?”

“आपलं म्हणजे कुणाचं?” आत्या म्हणाली. “बघू. तुझा माणूस पण बघते. वाईट नाही तो. पण मागच्या खेपेला निवडून आल्यावर डोंगर चढला का तो एकदा तरी?”

“आक्का, आपल्या समाजाचा प्रश्न आहे.”

“समाजाचा आहे म्हणूनच विचारतेय. मी काय समाजाच्या बाहेरची?”

मी हे ऐकत होते, आणि मला वाटत होतं, माझं लग्न झालं की माझंही नाव इथून निघेल, दुसऱ्या कुठल्या यादीत जाईल, तिथला कुणीतरी पेन्सिलवाला मला कंसात घेईल. तेव्हा मी काय करीन? पदवी आहे म्हणून आपोआप काही होत नाही, हे मला साठीला आलेल्या, चौथी शिकलेल्या बाईनं दाखवून दिलं होतं.

मतदानाच्या दिवशी माझं टेबल खोलीच्या दाराशी होतं, नावं शोधून द्यायला. आत खिडकीजवळ एजंट, त्यात पप्पा. आत्या अकराला आली. रांगेत सगळ्यांशी बोलत होती, माझ्याजवळ आल्यावर चिठ्ठी पुढं केली, “मॅडम, खोली हीच ना?” मी म्हणाले, “हीच.” दोघीही हसलो नाही.

आत पहिल्या अधिकाऱ्यानं अनुक्रमांक वाचला, तिचं नाव वाचलं. एवढंच वाचतात. आत्या हलली नाही.

“खालचंपण वाचा की.”

“काय मावशी?”

“नावाखाली लिहिलंय ते.”

तो कंटाळलेला माणूस होता, पण त्यानं वाचलं. “आई,” म्हणाला आणि अडखळला, परत यादीत पाहिलं, मग माझ्या आजीचं नाव मोठ्यानं उच्चारलं. भरल्या खोलीत. जिचं गावात कधी कुणी पूर्ण नाव घेतलं नाही, ती बाई महापालिकेच्या शाळेत सरकारी आवाजात पुकारली गेली.

दुसऱ्या पक्षाचा एजंट म्हणाला, “आईचं नाव कसं काय? बरोबर आहे का ते?”

अधिकाऱ्यानं एजंटांच्या बाकाकडं पाहिलं. “कुणाची हरकत आहे का?”

पप्पा बोलले. “बरोबर आहे. आमचीच आई आहे ती.”

शाई लागली. सही झाली. आत्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. तिथून फक्त पाय दिसतात, टेबलाच्या खाली. तिच्या निळ्या पट्ट्याच्या चपला, टाचा जुळवून. बटण दाबलं की मशीन लांब शिटी देतं, सगळ्यांची दहा सेकंदांत वाजते. हिची वाजेना. अर्धं मिनिट गेलं. रांगेतली एक बाई वाकून बघायला लागली.

“मावशी, मदत पाहिजे का?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“नको, नको. वाचतेय,” आतून आवाज आला.

पप्पा बाकावर पुढं सरकून बसले होते. इतकी वर्षं हा माणूस शिटी वाजली की कुणाला मत पडलं ते सांगत आला. आता तो आपल्या बहिणीच्या चपलांकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. राग नव्हता तो. उंच इमारत बघताना मान मागं जाते, तसं काहीतरी.

लांब शिटी वाजली. तरी ती लगेच बाहेर आली नाही. मत कुणाला पडलं ते दाखवणारी काचेतली चिठ्ठी खाली पडली तरी तिथंच बघत उभी राहिली असणार. मग आली, पदर सारखा केला, आणि भावाच्या समोरून, टेबलाच्या कडेनं, माझ्यापाशी.

“बाटलीत पाणी आहे का गं?”

मी बाटली दिली. माझ्या ओठांवर प्रश्न आला होता, तो मी तिथंच गिळला. ती घटाघटा प्यायली, झाकण लावलं आणि दोन घरच्या चपात्या राहिल्यात म्हणत मुलुंडच्या बसला निघून गेली.

तिनं ते मत कुणाला दिलं, हे आमच्या घरात आजपर्यंत कुणालाही माहीत नाही. पप्पांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.